गाठ होण्यापूर्वीची वर्षे
अन्ननलिकेचा कर्करोग आणि जनुकांच्या कार्यातील आरंभीचे बदल



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत एखाद्या आजाराची सुबोध माहितीही असावी, या हेतूने यंदा आम्ही अन्ननलिकेच्या कर्करोगाचा विषय निवडला आहे. त्याला कारणही तसेच आहे. या रोगाचे रुग्ण बहुधा उशिरा येतात आणि ‘आधी काहीच त्रास नव्हता, मग हे एवढे वाढले कधी?’ असा प्रश्न त्यांचे नातेवाईक कळवळून विचारतात. देणगीदारांचाही एक रास्त प्रश्न असतो. दाखल झालेल्या रुग्णांवरील उपचारांनाच पैसा अपुरा पडत असताना, ज्याला काही त्रासच नाही अशा माणसाच्या तपासणीवर खर्च कशासाठी करावयाचा? हे दोन प्रश्न वरकरणी निराळे दिसले तरी त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ते ठिकाण म्हणजे अन्ननलिकेच्या आतील अस्तराची पेशी आणि त्या पेशीतील जनुकांचा कारभार.

आम्ही वैद्यकशास्त्राचे नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. त्यामुळे हा विषय आम्हांला जसा उमगला, तसा तो थोडाफार हिशेबाच्या भाषेत येथे मांडत आहोत.

उशीर का होतो?

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची लवचिक नळी आहे. तिची ही लवचिकताच रोग दीर्घकाळ लपून राहण्याचे एक कारण ठरते. नळीच्या घेराचा बराच भाग गाठीने व्यापला जाईपर्यंत उरलेला भाग ताणला जातो आणि घास खाली उतरत राहतो. पुढे भाकरीचा घास अडू लागतो, तेव्हा माणूस त्यावर पाण्याचा घोट घेतो. काही दिवसांनी भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून खाऊ लागतो. त्यानंतर मऊ भात, आणि शेवटी पेज. घरच्या मंडळींना वाटते की वय झाले, दात गेले, भूक मंदावली. वजन उतरून कपडे सैल होतात, तेव्हा कोठे दवाखान्याची वाट धरली जाते. शिवाय आतड्यासारख्या अवयवांवर बाहेरून जे पातळ आवरण असते, ते अन्ननलिकेच्या बहुतांश भागावर नसते. त्यामुळे नळीची भिंत ओलांडलेला रोग शेजारच्या भागांत लवकर शिरतो.

या उशिराची किंमत आकड्यांत दिसते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरात या रोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ४५ हजार रुग्ण दगावले. नव्या रुग्णांची आणि मृत्यूंची संख्या इतकी जवळजवळ असणे, हे निदान उशिरा होत असल्याचेच निदर्शक आहे.

मात्र गिळण्यास त्रास होऊ लागला तो रोगाचा पहिला दिवस नव्हे. त्यापूर्वी अनेक वर्षे पेशींच्या आत काही घडत असते. ते समजून घेण्यासाठी जनुकांविषयी थोडी माहिती आवश्यक आहे.

ग्रंथ एकच, उघडलेली पाने निराळी

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संपूर्ण संच असतो. प्रथिने तयार करण्याची कृती ज्यांत लिहिलेली आहे अशी जनुके माणसात सुमारे २० हजार आहेत. डोळ्यातील पेशी आणि अन्ननलिकेतील पेशी यांच्याजवळ ग्रंथ एकच असूनही त्यांची कामे निराळी असतात, कारण प्रत्येक पेशी त्या ग्रंथाची ठरावीक पानेच उघडते.

बँकेचे उदाहरण घेऊ. प्रत्येक शाखेत नियमांचा तोच जाडजूड ग्रंथ असतो. पण पीककर्ज देणाऱ्या गावच्या शाखेत काही पाने रोज उलटली जातात, तर परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शहरातील शाखेत दुसरीच. जे पान उपयोगात आणावयाचे त्याची नक्कल काढून ती संबंधित कारकुनाकडे दिली जाते आणि तिच्यानुसार काम होते. पेशीतही असेच घडते. हव्या त्या जनुकाची नक्कल ‘आरएनए’ या रेणूच्या रूपाने निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. कोणत्या जनुकाच्या नकला किती निघत आहेत, यालाच शास्त्रज्ञ ‘जनुकांची अभिव्यक्ती’ म्हणतात.

हा कारभार दोन प्रकारे बिघडू शकतो. एक म्हणजे ग्रंथातील मजकुरातच चूक होणे. त्याला उत्परिवर्तन म्हणतात. दुसरा प्रकार असा की मजकूर शाबूत असतो, परंतु जे पान उघडावयाचे ते उघडलेच जात नाही, किंवा जे मिटून ठेवावयाचे ते सताड उघडे राहते. कधी जनुकाच्या आरंभीच्या भागावर विशिष्ट रासायनिक खुणा चिकटतात आणि ते पान जणू डकवून बंद होते. अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या वाटचालीत हे दोन्ही प्रकार आढळतात. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः दुसऱ्या प्रकाराविषयी लिहीत आहोत.

निरोगी अस्तराचा दिनक्रम

अन्ननलिकेच्या आतील अस्तर पेशींच्या अनेक थरांचे बनलेले असते. सर्वांत खालच्या ओळीतील पेशींचे काम विभाजनाचे. त्यांपासून झालेल्या नव्या पेशी हळूहळू वरच्या थरांत सरकतात आणि सरकताना आपला धंदा बदलतात. विभाजनाची पाने मिटतात आणि परिपक्वतेची पाने उघडतात. केराटिन ४ आणि केराटिन १३ ही आधार देणारी प्रथिने, पेशीचे कवच घडवणारे इन्व्होल्युक्रिन, कॉर्न्युलिन हे प्रथिन, आणि प्रथिनांना एकमेकांशी सांधणारे ट्रान्सग्लुटामिनेज ३ ही त्यांची काही नावे. नावे लक्षात ठेवण्याची आवश्यकता नाही. ही सर्व प्रौढ, कर्त्या पेशीची लक्षणे आहेत, एवढे ध्यानात असावे.

परिपक्व पेशीचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात ग्लायकोजेन नावाच्या साखरेसारख्या पदार्थाचा साठा असतो. त्याचा संबंध पुढे येणार आहे. अशा पेशी चपट्या होत वरच्या थराला पोहोचतात, गरम-तिखट अन्नाचा मारा सोसतात आणि यथावकाश गळून पडतात. खालून नवी कुमक येतच असते.

आरंभीचा बदल : पेशी प्रौढ होईनाशी होते

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, असे आपण सर्वसामान्यतः समजतो. ते खरे असले तरी अन्ननलिकेच्या बाबतीत वाढीइतकीच ठळक असते ती परिपक्वतेची पीछेहाट. रोगाच्या पूर्वावस्थेत आणि पुढे प्रत्यक्ष कर्करोगात वर सांगितलेल्या परिपक्वतेच्या जनुकांच्या नकला कमी होत जातात. यांपैकी कॉर्न्युलिनची कथा उद्बोधक आहे. निरोगी अन्ननलिकेत भरपूर आढळणारे आणि तिच्या कर्करोगात वारंवार मिटलेले दिसणारे जनुक म्हणून २००० साली चिनी संशोधकांनी त्याची नोंद केली. म्हणजे हे जनुक त्यांच्या नजरेत भरले ते कर्करोगातील त्याच्या गैरहजेरीमुळे. कॉर्न्युलिन, इन्व्होल्युक्रिन आणि त्यांच्यासारखी परिपक्वतेची अनेक जनुके १ क्रमांकाच्या गुणसूत्रावर एकाच भागात शेजारीशेजारी वसलेली आहेत, हेही विशेष.

त्याच वेळी मिटून राहावयाची काही पाने उघडी पडतात. विभाजनाला चालना देणारे सायक्लिन डी १ हे प्रथिन अधिक प्रमाणात दिसू लागते. विभाजनाच्या तयारीतील पेशींची खूण मानले जाणारे ‘केआय-६७’ हे प्रथिन एरवी खालच्या थरांतच आढळावयाचे, ते वरच्या थरांतही आढळते. विभाजनाला आवर घालणाऱ्या ‘पी १६’ जनुकावर अनेक रुग्णांत रासायनिक खुणांची चिकटपट्टी बसते. पेशीचा अंतर्गत लेखापरीक्षक म्हणावा असे ‘पी ५३’ हे प्रथिन तर मजकुरातील चुकीमुळेच निकामी होते. गंमत अशी की निकामी झालेले हे प्रथिन बहुधा लवकर नष्ट न होता पेशीत साचून राहते आणि तपासणीत ठळक रंगते. चोख लेखापरीक्षक येतो, तपासतो, निघून जातो. कामाचा नसलेला मात्र खुर्ची अडवून बसतो.

सूक्ष्मदर्शकाखाली हाच बदल डोळ्यांना दिसतो. परिपक्व न होणाऱ्या, तळच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी अस्तराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापुरत्या असतील तर तिला सौम्य विकृती म्हणतात. दोन तृतीयांशापर्यंत चढल्या तर मध्यम, आणि त्याही वर गेल्या तर तीव्र. डॉक्टरांच्या कागदावर ‘डिस्प्लेशिया’ हा शब्द येतो तो याच अर्थाने. येथवर कर्करोग झालेला नसतो. पेशींनी अस्तराखालचा पातळ पडदा भेदला आणि त्या खोलवर शिरल्या, म्हणजे तो खरा कर्करोग. त्या टप्प्यावर पडदा आणि आसपासची ऊती विरघळवणाऱ्या प्रथिनांची जनुके जोमाने काम करताना आढळतात.

हे समजले कसे?

पूर्वी एका वेळी एक-दोन जनुकांचाच अभ्यास करता येई. १९९५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘मायक्रोॲरे’ तंत्र प्रसिद्ध केले. काचपट्टीवरील सूक्ष्म ठिपक्यांच्या साहाय्याने अनेक जनुकांच्या नकला एकाच वेळी मोजण्याची ती रीत आहे आणि पुढे तिने हजारो जनुकांचा आवाका गाठला. १९९६ साली अमेरिकेच्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी लेसर किरणांच्या मदतीने सूक्ष्मदर्शकाखाली नेमक्या हव्या त्या पेशी वेगळ्या काढण्याचे तंत्र जाहीर केले. या दुसऱ्या तंत्राचे महत्त्व हिशेबनिसाला चटकन पटेल. अस्तराच्या तुकड्यात विकृत पेशींबरोबर निरोगी पेशी, रक्तवाहिन्या, स्नायू असे सारे मिसळलेले असते. सगळ्यांची गोळाबेरीज घेतली तर नेमके नुकसान कोणत्या खात्यात झाले ते उमगत नाही. खाती वेगळी केली म्हणजे उमगते.

दुसरी खबरदारी तुलनेची. माणसामाणसांत जनुकांचे कार्य थोडेफार भिन्न असतेच. म्हणून अनेक अभ्यासांत एकाच रुग्णाची विकृत ऊती आणि त्याच रुग्णाची निरोगी ऊती यांची तुलना केली गेली. एका पेढीचा यंदाचा ताळेबंद शेजारच्या पेढीशी ताडण्याऐवजी तिच्याच गतवर्षीच्या ताळेबंदाशी ताडावा, तसे हे आहे.

लिन्शियानचा धडा

या संशोधनाचा मोठा भाग चीनमध्ये झाला. हेनान प्रांतातील लिन्शियान या डोंगराळ तालुक्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात अत्युच्च मानले गेले आहे. १९९४ पासून या तालुक्याचे नाव लिन्झोऊ आहे. १९५९ पासून तेथे वैद्यकीय पथकांनी पद्धतशीर काम सुरू केले. तेथील कोंबड्यांनाही घशाचे व अन्ननलिकेचे कर्करोग होत असल्याचे आढळल्यावर अन्न आणि परिसर यांकडे संशोधकांचे लक्ष अधिकच वेधले गेले. शेन छ्योंग या डॉक्टरांनी जाळीचे आवरण असलेला छोटा फुगा रुग्णाला गिळावयास देऊन, तो फुगवून बाहेर ओढताना अस्तरावरील पेशी गोळा करण्याची युक्ती काढली. गावोगावी वापरता येईल अशी ती साधी तपासणी होती.

पुढे एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी आली. १९८७ साली लिन्शियानमधील ६८२ व्यक्तींच्या अन्ननलिकेतून दुर्बिणीद्वारे अस्तराचे तुकडे घेऊन तपासण्यात आले आणि त्या व्यक्तींचा साडेतेरा वर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. आरंभी अस्तर निरोगी असलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के व्यक्तींना या काळात कर्करोग झाला. सौम्य विकृती असलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के, मध्यम विकृतीत ५० टक्के आणि तीव्र विकृतीत ७४ टक्के होते.

ही टक्केवारी अतिशय जोखमीच्या प्रदेशातील आहे. ती जशीच्या तशी आपल्याकडे लावता येणार नाही. तथापि तिच्यातून दोन गोष्टी निर्विवाद दिसतात. पहिली ही की पूर्वावस्था आणि रोग यांच्यामध्ये वर्षांचे अंतर असू शकते. दुसरी ही की सौम्य विकृती असलेल्या दर चार जणांपैकी तिघांना त्या साडेतेरा वर्षांत कर्करोग झाला नाही. ‘बायॉप्सीत बदल आढळला’ एवढ्यानेच धीर सोडणाऱ्या कुटुंबीयांनी ही दुसरी गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

नातेवाईक अनेकदा विचारतात की एखाद्या शक्तिवर्धक गोळीने हे थांबणार नाही का? याचाही प्रयोग लिन्शियानमध्ये झाला. विकृती आढळलेल्या ३,३१८ व्यक्तींना दोन गटांत विभागून एका गटाला सहा वर्षे अनेक जीवनसत्त्वे व खनिजे एकत्रित देण्यात आली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अन्ननलिकेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

आयोडिनचा रंग

मग उपाय काय? येथे मघाशी उल्लेखिलेला ग्लायकोजेनचा साठा कामी येतो. जाँ लुगोल या फ्रेंच डॉक्टरांनी १८२९ साली आयोडिनचे एक द्रावण तयार केले. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दुर्बिणीतून हे द्रावण अन्ननलिकेच्या अस्तरावर फवारले असता ग्लायकोजेन बाळगणाऱ्या परिपक्व पेशी तपकिरी रंगतात. जेथे पेशी परिपक्व झालेल्या नाहीत तेथे ग्लायकोजेन कमी असते आणि तो भाग फिका, पिवळसर राहतो. म्हणजे महागडी यंत्रे जनुकांच्या नकला मोजून जो बदल सांगतात, त्याची एक सावली हे स्वस्त द्रावण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर उभी करते.

लिन्शियानमधील २२५ रुग्णांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. रंग न देता दुर्बिणीतून पाहिल्यास तीव्र विकृती अथवा कर्करोग असलेल्यांपैकी ६२ टक्के रुग्ण ओळखता येत होते. रंग दिल्यावर हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. फिका दिसणारा प्रत्येक डाग विकृतच असतो असे नाही. दाह झालेला भागही रंग घेत नाही. म्हणून त्या जागेचा तुकडा घेऊन विकृतितज्ज्ञांकडे पाठवावाच लागतो. आयोडिनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा विकार असल्यास रुग्णाने तसे आधीच सांगणे आवश्यक आहे. द्रावणाने काही काळ छातीत जळजळ होऊ शकते.

रोग अस्तराच्या वरवरच्या थरापुरता असेल तर निवडक रुग्णांत दुर्बिणीतूनच तेवढा भाग काढून टाकता येतो. छाती उघडावी लागत नाही, अन्ननलिका शाबूत राहते आणि माणूस पुन्हा भाकरी खाऊ लागतो. अशा तपासणीने जीव खरोखर वाचतात काय, याचे उत्तर चीनच्याच हेबेई प्रांतातील त्सीशियान तालुक्यातून मिळाले. तेथे काही गावांत ४० ते ६९ वयाच्या ग्रामस्थांना एकदा आयोडिनसह दुर्बिणीची तपासणी व आवश्यक तो उपचार देण्यात आला आणि तपासणी न झालेल्या गावांशी तुलना करण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दहा वर्षांत या रोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण तपासणी झालेल्या गटात ३.३५ टक्के, तर दुसऱ्या गटात ५.०५ टक्के होते. नव्याने कर्करोग होण्याचे प्रमाणही ५.९२ ऐवजी ४.१७ टक्के इतके खाली आले, कारण पूर्वावस्थेतच अनेकांवर उपचार झाले होते.

त्याच नळीतील दुसरा रोग

आतापर्यंतचे विवेचन ‘स्क्वेमस’ या प्रकाराविषयी होते. भारतात हाच प्रकार अधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत दुसरा प्रकार वाढला आहे. वर्षानुवर्षे जठरातील आम्ल आणि पित्त वर येत राहिल्यास अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेले अस्तर आपले रूपच बदलते. १९५० साली ब्रिटिश शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी याविषयी लिहिले आणि पुढे त्यांचेच नाव या अवस्थेला मिळाले. येथे आतड्याच्या अस्तराला शोभणारी ‘सीडीएक्स २’ सारखी जनुके अन्ननलिकेत जागी होतात. आमच्या उदाहरणात सांगावयाचे तर गावच्या शाखेने पीककर्जाचे पान मिटून परकीय चलनाचे पान उघडावे, तसे. या अवस्थेतून कर्करोग होण्याचा धोका दर वर्षी शंभरात एकापेक्षाही कमी असतो.

या प्रकारातही जनुकांच्या अभिव्यक्तीचे ज्ञान उपयोगी पडले. केंब्रिज येथील डॉ. रिबेका फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोऱ्याला बांधलेली एक गोळी तयार केली. ती गिळल्यावर पोटात विरघळते आणि आतील स्पंज उलगडतो. स्पंज वर ओढताना पेशी गोळा होतात आणि ‘टीएफएफ ३’ या प्रथिनासाठी त्या तपासल्या जातात, कारण बॅरेटच्या अस्तरातील पेशी ते बनवतात आणि अन्ननलिकेच्या नेहमीच्या पेशी बनवत नाहीत. इंग्लंडमधील १३ हजारांहून अधिक व्यक्तींच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. ज्यांना ही तपासणी देऊ करण्यात आली त्या गटात बॅरेटचे १४० रुग्ण सापडले, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्या गटात १३. फुग्याच्या जुन्या चिनी युक्तीचे हे नवे भावंडच म्हणावयाचे.

बदल म्हणजे कर्करोग नव्हे

या ज्ञानाच्या मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. २०१८ साली इंग्लंडमधील संशोधकांनी २० ते ७५ वयोगटातील नऊ व्यक्तींच्या निरोगी अन्ननलिकेचे बारकाईने परीक्षण केले. पेशींच्या परिपक्वतेशी संबंधित ‘नॉच १’ या जनुकातील चुका त्यांत निरनिराळ्या व्यक्तींमध्ये १२ ते ८० टक्के पेशींत आढळल्या. वाढत्या वयाबरोबर हे प्रमाण वाढत होते. २०१९ साली जपानी संशोधकांनीही असेच चित्र दाखवले आणि मद्यपान व धूम्रपान यांमुळे हे बदल अधिक वेगाने होतात असे नोंदवले. इंग्लंडमधील अभ्यासातील त्या नऊ व्यक्तींना अन्ननलिकेचा कर्करोग झालेला नव्हता. म्हणजे वयाबरोबर केस पिकावेत तसे काही बदल अस्तरात होतच असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत ते तेथेच थांबतात.

म्हणूनच एखाद्या जनुकाच्या चढ-उतारावरून भविष्य वर्तवणे योग्य ठरणार नाही. विक्री घटली हे तोट्याचे कारण असू शकते, तसेच आधीच बिघडलेल्या कारभाराचा परिणामही. जनुकांच्या बाबतीत हे दोन्ही शक्य असते. कर्करोगाच्या ‘जनुकीय चाचण्यां’च्या जाहिराती पाहून परस्पर पैसे भरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. या रोगाच्या लवकर निदानासाठी भिस्त अद्यापि दुर्बीण आणि अस्तराचा तुकडा यांवरच आहे.

आपल्याकडे काय करावे?

आपल्या देशात ईशान्येकडील राज्ये आणि काश्मीर येथे या रोगाचे प्रमाण विशेष आहे. महाराष्ट्रात ते लिन्शियानइतके नाही. त्यामुळे प्रत्येक नागरिकाची दुर्बिणीने तपासणी करणे येथे ना आवश्यक आहे, ना परवडणारे. परंतु जोखमीच्या व्यक्ती हेरता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूम्रपान, चघळण्याची तंबाखू, तंबाखूयुक्त पान-सुपारी आणि मद्य ही अन्ननलिकेच्या कर्करोगाची कारणे म्हणून नोंदवली आहेत. तंबाखू आणि मद्य एकत्र आल्यास धोका कितीतरी वाढतो. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेये बहुधा कर्करोगकारक असल्याचे याच संस्थेने २०१६ साली जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी तंबाखूची चंची आणि मिसरीची डबी अनेक घरांत आहेच.

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगातून बरे झालेल्यांनी विशेष सावध असावे. ज्या तंबाखूने तोंडाचे अस्तर बिघडवले, तिचाच अंश अन्ननलिकेवरूनही गेलेला असतो. शेजारचे बरेचसे अस्तर एकाच वेळी बाधित होते, हा विचार १९५३ सालीच तोंडाच्या कर्करोगाच्या अभ्यासातून पुढे आला होता. अशा रुग्णांत अन्ननलिकेत दुसरा, स्वतंत्र कर्करोग उद्भवू शकतो. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे मोठ्या संख्येने असल्याने ही बाब महत्त्वाची आहे. ज्यांच्या पोटात पूर्वी तेजाबासारखा दाहक पदार्थ गेला आहे, अथवा ज्यांच्या अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट उघडत नाही, त्यांनीही डॉक्टरांकडे तपासणीविषयी विचारणा करावी.

रुग्णांच्या आप्तेष्टांना आमची विनंती अशी की घरातील कोणी घासागणिक पाणी पिऊ लागले, भाकरी टाळू लागले, किंवा कारणाविना वजन उतरू लागले, तर ‘वयोमान’ म्हणून ते सोडून देऊ नये. आठ-पंधरा दिवसांत दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

देणगीदार व विश्वस्त यांच्या प्रश्नाचे उत्तर आता सहज देता येईल. पुढे गेलेल्या रोगात शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन आणि अन्नासाठी नळी एवढे सारे करूनही अनेकदा हाती फार थोडे लागते. पूर्वावस्थेतील रुग्णावर होणारा खर्च त्या तुलनेने अल्प असतो आणि त्यातून माणसाचे आयुष्य परत मिळते. येथे खर्चाचा मुख्य भाग द्रावणाचा नसतोच. दुर्बिणीची निगा, ती हाताळणारे प्रशिक्षित हात, विकृतितज्ज्ञांचा वेळ आणि तक्रार नसलेल्या माणसाला तपासणीस येण्यास राजी करणारे समाजसेवक यांवर तो होतो. देणगी बहुधा नव्या इमारतीसाठी, डोळ्यांना दिसणाऱ्या यंत्रासाठी दिली जाते. तीही हवीच. परंतु न झालेल्या कर्करोगाची कोनशिला बसवता येत नाही, म्हणून त्यावरील खर्च वाया गेला असे मात्र मानू नये.

पेशी प्रौढ होईनाशी झाल्यापासून पहिला घास अडेपर्यंत जी वर्षे मिळतात, ती उपयोगात आणणे आपल्या हाती आहे. 

रुग्णालय प्रशासनाच्या वतीने
प्रशासक